कोंबड्यांच्या आहारशास्त्राचा इतिहास

कोंबड्यांच्या आहारशास्त्राचा इतिहास : वाढीच्या अवस्थेनुसार कोंबड्यांना निरनिराळे खाद्य देण्याची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. तत्पूर्वी परसातील कोंबड्या किडे, हिरवा पाला व सांडलेले धान्य टिपून आपली गरज स्वतःच भागवीत. त्या बंदिस्त झाल्यावर आहारातील उणिवा रोगरूपाने उघड झाल्या.

डच ईस्ट इंडीजमधील बटाव्हिया (आताचे जाकार्ता) येथे बेरीबेरीच्या जंतूचा शोध घेत असताना क्रिस्तीआन आइकमान यांना १८८९ मध्ये प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडत असल्याचे आढळले. काही महिन्यांनी हा रोग नाहीसा झाला. मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातील पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो नाकारल्यावर त्यांना कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागला होता. पिष्टातील विषाचा कोंड्यामुळे परिहार होतो, असे आइकमान यांचे मत होते. कोंड्यातील आवश्यक घटकाच्या अभावी रोग होतो, हे खेरिट ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये मांडले. हा घटक म्हणजे ब१ जीवनसत्त्व (थायामीन) होय. माणसांतील बेरीबेरीचे कारणही यातूनच उलगडले. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हिवाळ्यात घरात वाढविलेल्या पिलांच्या पायांतील अशक्तपणा कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने व जंबुपार किरणांनी टळतो, असे १९२० नंतर विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधनातून दिसून आले. ड जीवनसत्त्वाच्या या उपयोगामुळे वर्षभर बंदिस्त संगोपन शक्य झाले.

पुढे अवस्थावार प्रमाणे ठरली. भारतात सामान्यतः अंड्यांच्या जातींच्या पिलांना सुमारे आठ आठवड्यांपर्यंत २० टक्के प्रथिनांचे खाद्य देतात. वाढत्या तलंगांना १६ टक्के, तर अंड्यांवरील कोंबड्यांना १८ टक्के प्रथिने पुरतात. कवचासाठी कोंबडीस खाद्यात ३ टक्के वा अधिक कॅल्शियम लागते. म्हणून शिंपल्यांचा चुरा घालतात. तेच खाद्य पिलांना दिल्यास त्यांच्या मूत्रपिंडांस इजा होते.

ब१२ जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळे करण्यात आल्यावर मासळीच्या कुटीवरील अवलंबन घटून पेंडीवर आधारलेले खाद्य सुलभ झाले. त्यानंतर लवकरच अल्प मात्रेतील प्रतिजैविकांनी पिलांची वाढ त्वरेने होते असे आढळले व त्यांचा वापर सर्वत्र फैलावला. त्यातून औषधांस न जुमानणारे जंतू बळावण्याचा धोका ओळखून यूरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास बंदी घातली. भारताने २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टीनवर बंदी घातली.