एदोकालीन जपानी स्त्रीवेषातील उभे पट्टे

जपानी स्त्रीवेषाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम फुलापानांच्या नि सारसांच्या आकृतींकडे जाते. साध्या उभ्या पट्ट्यांना गौण स्थान मिळते. वस्तुतः एदो काळाच्या (१६०३–१८६८) उत्तरार्धात नगरवासी स्त्रियांच्या 'कोसोदे'वर, म्हणजे किमोनोच्या पूर्वरूपावर, हे पट्टे सुसंस्कृत अभिरुचीचे लक्षण ठरले होते. उतामारोच्या (मृत्यू १८०६) चित्रांतील स्त्रिया याची साक्ष देतात.

हे परिवर्तन कसे घडले? १६८३ साली तोकुगावा शासनाने स्त्रियांच्या वस्त्रांतील जरकाम, भरतकाम आणि सर्वांगी बारीक बांधणी यांस मनाई केली. असे हुकूम पुनःपुन्हा काढावे लागले, यावरून त्यांचे पालन कितपत होत असे हे उघड आहे. तथापि संयत रंगांत व सूक्ष्म भेदांत सौंदर्य शोधण्याची दृष्टी या निर्बंधांच्या छायेत बळावली. परंतु निर्बंधाने आवड वळविली, तरी नमुना कोठून आला हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर कापडांच्या नावांत सापडते. पट्ट्यांस जपानीत 'शिमा' म्हणतात आणि त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ 'बेट' असाही आहे. दक्षिणेकडील बेटांच्या वाटेने आलेले कापड ते 'शिमा', अशी व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते. जोडशब्दात या शब्दाचे 'जिमा' होते. 'सान्तोमे-जिमा' हे सुती कापड मद्रासजवळील सांतोमेचे, तर 'बेंगारा-जिमा' बंगालचे नाव सांगते. 'चाउ-जिमा' या तलम रेशमी वस्त्राच्या नावात तर कोकणातील चौल आहे. मात्र त्याचा उपयोग मुख्यतः 'हाकामा' या घेरदार अधोवस्त्रासाठी होई, हे विसरता कामा नये. १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना बंदी झाल्यावरही डच व्यापाऱ्यांमार्फत भारतीय कापड नागासाकीस उतरत राहिले. जपानी विणकरांनी त्याची अनुकरणे केली. पुढे घरोघरी विणणाऱ्या स्त्रियांनी कापडाचे तुकडे चिकटवून 'शिमा-चो', म्हणजे पट्ट्यांच्या नमुन्यांच्या वह्या, राखल्या.

१९३० साली तत्त्वज्ञ कुकी शूझो यांनी 'इकी' या सौंदर्यकल्पनेचे विवेचन करताना उभ्या पट्ट्यांनाच तिचे उत्तम दृश्यरूप मानले. ही कल्पना त्यांच्या मते खास जपानी होती. मग ज्या पट्ट्यांच्या नावांत परकीय बंदरे आहेत, ते जपानी कसे? याचे उत्तर त्या वह्यांत आहे. नमुना समुद्रमार्गे आला. त्यातील कोणता पट्टा ठेवावा, किती बारीक करावा, कोणत्या रंगात विणावा, हा निर्णय मात्र तेथील विणकरांनी नि स्त्रियांनी केला. म्हणून वस्त्राच्या इतिहासात उगमाचा शोध हा निष्कर्ष नव्हे, आरंभ होय.