स्टीलचं सिंक आणि तांब्याची भांडी : एकाचं औषध, दुसऱ्याला जहर

ईद असो की घरातला निकाह, पाहुणे गेल्यावर खरं काम सिंकपाशी सुरू होतं. आमच्या घरी एका ईदला बिर्याणीचं तांब्याचं पातेलं लिंबू-मिठाने घासून लख्ख केलं. सगळे दमले होते, म्हणून लिंबाची सालं आणि मिठाचं पाणी रात्रभर सिंकमध्ये तसंच राहिलं. सकाळी पातेलं चमकत होतं, पण सिंकच्या तळाला तांबूस ठिपके पडले होते. तेव्हा लक्षात आलं की तांब्याला जे चालतं ते स्टीलला चालतंच असं नाही. दोन्ही धातूंची निगा कशी ठेवायची, ते इथे एकत्र देत आहोत.

स्टीलला गंज का लागतो?

स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडासोबत किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवेतला ऑक्सिजन लागला की पृष्ठभागावर क्रोमियमचा अगदी पातळ, न दिसणारा थर तयार होतो. हाच थर आतल्या लोखंडाला गंजापासून वाचवतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा तयार होतो. मात्र मीठ, ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड या थराचे दुश्मन आहेत. या तिघांतलं क्लोराइड थराला बारीक भोकं पाडतं. एकदा खड्डा पडला की तो घासून जात नाही.

नवीन सिंक घेताना ग्रेड विचारा. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून ते जास्त टिकतं. २०२ ग्रेड स्वस्त असतं, पण त्यात निकेल कमी असल्याने त्यावर डाग लवकर पडतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, पण २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्यामुळे तेवढ्यावर भरवसा ठेवू नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या. पत्र्याचा गेजही बघा. आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. म्हणजे १८ गेजचा पत्रा २२ गेजपेक्षा जाड असतो.

रोजची सफाई

१. रात्री भांडी झाली की भांड्यांचा साबण आणि मऊ स्पंज घेऊन सिंक धुवा. स्टीलवर बारीक रेघा दिसतात, त्या ज्या दिशेने जातात त्याच दिशेने हात फिरवा.

२. तारेची घासणी वापरू नका. तिचे लोखंडी कण स्टीलवर चिकटून राहतात आणि तेच गंजतात. आपल्याला वाटतं सिंक गंजलं. असे वरवरचे डाग खायच्या सोड्याची ओली लेप लावून हलक्या हाताने घासले की निघतात.

३. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर हा क्षार असतो. व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन त्यात कपडा भिजवा, पाच-दहा मिनिटं थरावर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा.

४. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायची पद्धत पडली आहे. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांचा असर मारतात. डागाला सोडा, क्षाराला व्हिनेगर, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी.

५. शेवटी कोरड्या कपड्याने पुसा. निम्मे डाग साचलेलं पाणी सुकल्यामुळेच पडतात. ओला लोखंडी तवा किंवा कढईही सिंकमध्ये रात्रभर ठेवू नका.

कुर्बानीच्या दिवसांत

गोश्त धुतल्यावर सिंकमध्ये आधी थंड पाणी सोडा. गरम पाण्याने रक्त घट्ट होऊन चिकटतं. मग साबण आणि कोमट पाणी वापरा. चरबी सिंकमध्ये ओतू नका. गरम असताना ती वाहून जाते, पण पुढे पाइपमध्ये थंड होऊन गोठते. भांड्यातली चरबी आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाका. मीठ लावलेलं गोश्त सिंकमध्ये ठेवू नका, वेगळ्या पातेल्यात ठेवा.

ही चूक जिवावर बेतू शकते

सिंक तुंबलं किंवा वास आला की कुणी ब्लीच ओततं, पाठोपाठ कुणी ॲसिड ओततं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद किचनमध्ये तो श्वासात गेला तर छाती भरून येते, दम लागतो, जीवही जाऊ शकतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं क्लीनरसुद्धा मिसळू नका. चुकून मिसळलंच तर साफ करत बसू नका. मुलांना घेऊन आधी बाहेर मोकळ्या हवेत जा. त्रास होत असेल तर लगेच डॉक्टरकडे जा.

ॲसिडची बाटली सिंकखालच्या कपाटात ठेवू नका. तिच्या वाफेनेसुद्धा स्टील गंजतं, आणि लहान मुलांचा हात तिथे सहज पोहोचतो.

तांब्याची निगा

तांबं हवेत काळवंडतं, ओलसर राहिलं तर हिरवं पडतं. बाहेरून लिंबू-मीठ, चिंच किंवा आमसूल लावून घासलं की काळेपणा जातो, कारण आंबट रस वरचा थर विरघळवतो. हे काम सिंकमध्ये नको, अंगणात किंवा मोरीत करा. मीठ लावून भांडं तसंच ठेवू नका. लगेच साबणाने धुवा आणि कोरडं पुसा.

आतल्या बाजूची गोष्ट वेगळी. तिथे कल्हई असते, म्हणजे कथिलाचा थर. बिर्याणीच्या मसाल्यात दही, टोमॅटो, लिंबू असतं. कल्हई उडालेल्या भांड्यात हे आंबट पदार्थ तांबं ओढून घेतात, अन्न कळकतं, आणि खाणाऱ्यांना मळमळ, उलट्या, पोटदुखी होऊ शकते. म्हणून आत लालसर तांबं दिसायला लागलं की स्वयंपाक थांबवा, आधी कल्हई करून घ्या. कल्हईवाल्याला शुद्ध कथील वापरायला सांगा, शिसं मिसळलेलं चालणार नाही.

कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून रिकामं भांडं आचेवर ठेवू नका. आतून तार किंवा राख घासू नका, लाकडी डाव वापरा. कल्हई असली तरी उरलेलं जेवण लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

काही बंगल्यांत, हॉटेलांत तांब्याचं बेसिन किंवा सिंक असतं. त्याचा रंग हळूहळू गडद होतो. ती घाण नव्हे, तांब्याचा स्वभाव आहे. सौम्य साबणाने धुवा, पुसा, वाटल्यास अधूनमधून मेणाचा हात फिरवा. सांडलेलं लिंबू, व्हिनेगर लगेच धुवा, नाहीतर तिथे उजळ चट्टा पडतो.

शेवटी एक विनंती. मोहल्ल्यात जमातीच्या देगी असतात. लग्न ठरलं की मंडप, आचारी सगळं आधी बघितलं जातं, देगीच्या आत मात्र कुणी डोकावत नाही. दावतीच्या आठवडाभर आधी दोघा जणांनी उजेडात देगी उघडून बघाव्यात. लाल किंवा हिरवं दिसलं तर कल्हईला पाठवाव्यात. दोनशे माणसं ज्या देगीतलं जेवणार, तिची खात्री करणं ही आपलीच जबाबदारी आहे.