वालीवच्या गाळ्यातली रीळ आणि तीन नॅनोमीटरची विहीर

या भागात मागे पंख्याचा आवाज फार येतो, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. मान्य. पण विरारमध्ये मे महिन्यात पंखा बंद करून पाऊण तास बोलून दाखवा, मग भेटू. ज्यांना ऐकता आलं नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना दोन-तीन ठिकाणी मी घसरलो होतो, ते इथे नीट केलंय.

विषय आहे एलईडीतला उजेड. पण सुरुवात चोकपासून.

तुमच्यातल्या लहान मंडळींनी चोक बघितला नसेल. ट्यूबलाइटच्या पट्टीत एक जड लोखंडी डबी असायची. ट्यूब लागली की ती बारीक घूंऽऽ करायची. माझे बाबा वसई पूर्वेला वालीवच्या एका गाळ्यात ते चोक बनवायचे. तांब्याच्या तारेचं वाइंडिंग, त्यात लोखंडी पट्ट्या ठोकायच्या, मग वार्निश. संध्याकाळी घरी आले की शर्टाला वार्निशचा वास. माझ्या शाळेची फी, क्लासची फी, इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष, सगळं त्या घूंऽऽ आवाजावर झालं.

मग एलईडी आले. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तो दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. योजनेतून देशभर ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. वीज वाचली, बिलं कमी झाली, हे सगळं खरं. पण चोकच्या ऑर्डरी आटल्या. गाळा बंद झाला आणि शेवटच्या दोन महिन्यांचा पगार आजतागायत मिळालेला नाही. बाबा सहा महिने घरी होते. नंतर दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या गाळ्यात लागले, एलईडी बल्बच्या असेंब्लीत.

तिथून त्यांनी एकदा रिळीचा उरलेला तुकडा घरी आणला. सिनेमाच्या फिल्मसारखी प्लास्टिकची पट्टी, आणि प्रत्येक खाचेत तांदळाच्या दाण्याहून लहान, पिवळट चौकोनी एलईडी. मला विचारलं, "यातला उजेड नक्की कुठून येतो रे?"

मी म्हटलं, "एलईडीतून."

"ते मलाही ठाऊक आहे. एलईडीत कुठून?"

मी तेव्हा बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मला सांगता आलं नाही. त्या प्रश्नामागे मी बरीच वर्षं अधूनमधून वाचत राहिलो, आणि हा भाग त्यातूनच झालाय.

आधी थोडं विज्ञान, घाबरू नका. काही सेमीकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या रिकाम्या जागेत पडला, की उरलेली ऊर्जा उजेड म्हणून बाहेर पडते. त्या रिकाम्या जागेला 'होल' म्हणतात. सिलिकॉनमध्ये ही ऊर्जा बहुतेक उष्णता होऊन वाया जाते, म्हणून आपल्या फोनचा प्रोसेसर चमकत नाही. गॅलियम आर्सेनाइडमध्ये मात्र उजेड निघतो, डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड. १९६२ मध्ये अमेरिकेत थोड्याच अंतराने काही गटांनी यातून लेझर बनवला. त्याच वर्षी निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल उजेड काढून दाखवला.

आता यात मुंबई कुठे? १९६०च्या दशकाच्या मध्यात तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्रात, म्हणजे आजच्या बीएआरसीत, गॅलियम आर्सेनाइडचा लेझर बनवला गेला. त्याच्या उजेडावरून तुर्भे ते कुलाब्याची टीआयएफआर असा सुमारे २० किलोमीटरचा संदेशाचा दुवाही जोडून दाखवला. मध्ये ना तार, ना फायबर. मला हे कळलं तेव्हा मी लोकलमध्ये होतो आणि शेजारच्या अनोळखी काकांना ते सांगितल्याशिवाय राहवलं नाही. जगात ही वस्तू निघून मोजकीच वर्षं झाली होती आणि आपण तिच्या मागोमाग होतो!

पण ते लेझर फार हट्टी होते. त्यांना द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून थंड ठेवावं लागे आणि वीजही अगदी छोट्या झटक्यांनी द्यावी लागे. कारण सोपं होतं. इलेक्ट्रॉन आणि होल यांना भेटायला जागाच ठरलेली नव्हती. मोठ्या मैदानावर दोन मित्रांनी फोनशिवाय एकमेकांना शोधावं, तसा प्रकार.

इथे मला आपली बावखलं आठवतात. वसई पश्चिमेच्या लोकांना सांगायला नको. वाडीत खणलेला तो खोलगट पाणवठा, आजूबाजूचं पाणी उतरून त्यात साठतं. पूर्वी बागायत त्यावर चालायची, आता बरीच बुजवून टाकलीत, तो वेगळा भाग होईल. १९६३ मध्ये हर्बर्ट क्रोमर आणि रशियात झोरेस अल्फेरोव्ह यांनी इलेक्ट्रॉनसाठी साधारण असंच बावखल सुचवलं. दोन वेगळ्या पदार्थांच्या मध्ये तिसऱ्याचा थर ठेवायचा, असा की इलेक्ट्रॉन आणि होल दोघंही त्यात उतरतील आणि बाहेर पडणार नाहीत. १९७० मध्ये या सँडविचमुळे लेझर साध्या खोलीच्या तापमानाला सतत चालू लागला. २००० साली दोघांना नोबेलही मिळालं.

पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. १९७२ च्या अखेरीस बेल लॅब्जमधले चार्ल्स हेन्री एका साध्या साम्यावर विचार करत होते. पातळ थरात उजेड अडकला, की तो ठरावीक पद्धतींनीच लहरू शकतो. मग इलेक्ट्रॉनही लहरच आहे ना? थर पुरेसा पातळ केला तर त्यालाही ठरावीक पायऱ्यांवरच बसावं लागेल. बासरीची नळी आखूड केली की सूर चढतो, तसं थर पातळ केला की पायरी वर सरकेल आणि उजेडाचा रंग निळ्याकडे झुकेल. १९७४ मध्ये रेमंड डिंगल, विगमन आणि हेन्री यांनी अतिथंड नमुन्यांवर मोजमाप केलं आणि आलेखात खरंच पायऱ्या दिसल्या. यावर आधारलेल्या लेझरचं पेटंट सप्टेंबर १९७६ मध्ये मिळालं. हीच क्वांटम वेल. मराठीत सरळ विहीर म्हणू.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तोपर्यंत रंग बदलायचा तर पदार्थ बदलावा लागे. आता तोच पदार्थ ठेवून नुसती जाडी बदलली तरी रंग सरकतो. शिवाय इलेक्ट्रॉन आणि होल इतक्या अरुंद जागेत कोंबले जातात, की त्यांची भेट टळणं कठीण. विरार फास्टमधली चौथी सीट आठवा.

मात्र इतके पातळ थर एकसारखे वाढवायचे कसे? १९७७-७८ मध्ये होलोन्याक आणि रसेल डुपुई यांनी विजेवर चालणारा विहिरीचा लेझर बनवला, तो वायूंपासून थर वाढवण्याच्या पद्धतीने. तापलेल्या चकतीवरून गॅलियमयुक्त वाफ आणि सोबतचा वायू सोडायचा, आणि स्फटिक थरावर थर चढत जातो. या पद्धतीला एमओव्हीपीई किंवा एमओसीव्हीडी म्हणतात. जगभरच्या एलईडी कारखान्यांत आज हीच चालते.

निळा रंग मात्र अडून होता, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. तो सोडवणाऱ्यांपैकी शुजी नाकामुरा जपानमधल्या तोकुशिमाच्या निचिया कंपनीत होते. ही कंपनी काय बनवायची? फॉस्फर, म्हणजे ट्यूबलाइटच्या आतला पांढरा लेप! म्हणजे एका अर्थी बाबांच्याच धंद्यातली. नाकामुरांनी विकत घेतलेलं यंत्र स्वतःच्या हातांनी उलटंपालटं केलं, वायू दोन दिशांनी सोडला आणि गॅलियम नायट्राइडचे चांगले थर मिळवले. १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी आला. १९९५ पर्यंत त्यात एका विहिरीची रचना आली, इंडियम गॅलियम नायट्राइडची. १९९६ मध्ये निचियाने त्यावर पिवळा फॉस्फर चढवून पांढरा एलईडी बाजारात आणला. रिळीतला तो पिवळट दाणा म्हणजे हेच. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. तेव्हा बाबांच्या गाळ्यात अजून चोकच बनत होते.

तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर असं. पिवळ्या लेपाखाली एक चिप आहे. चिपमध्ये एकावर एक काही विहिरी आहेत. एकेक विहीर साधारण तीन नॅनोमीटर, म्हणजे अणूंचे दहा-बारा थर. केसाच्या जाडीत अशा वीस-पंचवीस हजार मावतील. निळा उजेड तिथून येतो आणि त्यातला काही पिवळा होऊन पांढरा दिसतो.

आणि ही विहीर वसईत खणली जात नाही. आपल्याकडे अॅल्युमिनियमची प्लेट येते, रीळ येते, मशीन दाणे चिकटवतं, आपण ड्रायव्हर जोडतो, बल्बची टोपी दाबतो. चिप मुख्यतः परदेशातून येते.

मग विहीर आपल्याला जमतच नाही का? जमते. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये ब्रिज मोहन अरोरा यांच्या गटाने १९९०च्या दशकापासून एमओव्हीपीईने इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या विहिरी वाढवल्या, त्यांचा उजेड तपासला, खोली मोजली. इंदूरच्या आरआरकॅटमध्ये तशाच विहिरींचे लेझर डायोड बनले. पुढे टीआयएफआरमध्येच अर्णब भट्टाचार्य यांच्या गटाने नायट्राइड हाती घेतलं, म्हणजे निळ्या एलईडीचं कुटुंब. त्यात एक खोड आहे. नेहमीच्या दिशेने स्फटिक वाढवला, की विहिरीत आपोआप विद्युत क्षेत्र तयार होतं, इलेक्ट्रॉन एका भिंतीकडे आणि होल दुसऱ्या भिंतीकडे ओढले जातात. एकाच डब्यात असून दोन टोकांच्या दारांत लटकल्यासारखे. स्फटिक वेगळ्या दिशेने वाढवला तर ही ओढाताण टळते. या 'नॉन-पोलर' नायट्राइडवर टीआयएफआरमध्ये बरंच काम झालंय. हेच भट्टाचार्य 'चाय अँड व्हाय?' या उपक्रमाशीही जोडलेले आहेत. २००९ पासून जुहूच्या पृथ्वीत आणि माटुंग्याच्या रुपारेलमध्ये रविवारी सकाळी चहाबरोबर विज्ञानाच्या गप्पा, कुणीही यावं. रुपारेल माटुंगा रोड स्टेशनला लागूनच आहे, आपल्याला सोयीचं. मी गेलोय, चहा ठीक असतो.

म्हणजे विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. एका टोकाला विहीर खणता येणारे, दुसऱ्या टोकाला तिचे बल्ब बांधणारे, आणि मध्ये विहीर आयात होते. मला आधी याचा राग यायचा. आता वाटतं, प्रकरण तितकं सोपं नाही. प्रयोगशाळेत एक चकती नीट आली की निबंध होतो. कारखान्यात हजारो चकत्यांवर तेच दहा-बारा थर यावे लागतात, नाहीतर एका बल्बचा पांढरा दुसऱ्याशी जुळणार नाही. आणि बल्ब ३८ रुपयांवर आल्यावर त्यातल्या चिपसाठी नव्याने कारखाना कोण उभारणार? २०२१ मध्ये एसी आणि एलईडीच्या सुट्या भागांसाठी ६,२३८ कोटींची प्रोत्साहन योजना आली. माझ्या मते त्याच्या निदान दहा वर्षं आधी, चिप महाग असताना, कुलाब्याचं ज्ञान कारखान्यात न्यायची वेळ होती. ती गेली. आणि आपण बल्ब किती वाटले तेच मोजत बसलो.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "पण परत येणाऱ्या बल्बमध्ये अर्ध्याहून जास्त वेळा ड्रायव्हरच गेलेला असतो." कपॅसिटर उष्णतेने सुकतो. म्हणजे आयात केलेली विहीर शाबूत, आपण जोडलेला भाग मेलेला. कधी मात्र एखाद्या दाण्यावर काळा ठिपका पडतो. सगळे दाणे एका रांगेत जोडलेले, त्यामुळे एक जळला की अख्खा बल्ब बंद. मग बाबा तो दाणा काढतात आणि त्या जागी सोल्डरने दोन टोकं जोडून टाकतात.

आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब असाच एक दाणा कमी असलेला आहे. तीन वर्षं झाली.