आता माझी पाळी आहे!



मध्यंतरी बेंगळुरूच्या मेट्रोने व्हाइटफील्डहून घरी येत होतो. शेजारी नातू, हातात निन्टेंडो स्विच. पडद्यावर चौकटी आणि चौकटींत रणगाडे. मी विचारलं, "अरे, शत्रू गप्प का उभा आहे?" तो म्हणाला, "आजोबा, आता माझी पाळी आहे!"

फौजेत इतकी वर्षं काढली, पण पाळीची वाट पाहणारा शत्रू मला कधी भेटला नाही. या खेळांची सगळी गोडी मात्र त्या एका वाक्यात आहे.

पाळीपाळीने लढायचा खेळ आपल्याला नवा नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ घेऊन चतुरंग आपल्याच भूमीवर जन्मलं. पुढे 1824 साली प्रशियाच्या फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने सैन्यासाठी 'क्रीगश्पील' सिद्ध केला. खरा नकाशा, लाल-निळे ठोकळे, फासे आणि निर्णय द्यायला पंच. एक पाळी म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटं. तिथल्या सेनाप्रमुखांनी तो पलटणींना शिकवायला लावला. आम्ही ज्या सँड मॉडेलभोवती उभं राहून डावपेच शिकलो, तेही याच कुळातलं.

हे कूळ 1988 साली जपानमध्ये 'फॅमिकॉम वॉर्स'च्या रूपाने टीव्हीवर आलं. 1989 साली चार पेन्सिल सेलवर चालणारा गेम बॉय निघाला आणि 1991 साली लढाई खिशात आली. छोट्या यंत्राला हा खेळ शोभतो, कारण इथे बोटांची चपळाई लागत नाही. स्टेशन आलं की यंत्र बंद करायचं. झाकून ठेवलेल्या बुद्धिबळाच्या डावासारखी लढाई तिथेच थांबते. धावपळीच्या दिवसात शांतपणे विचार करायला मिळतो, हेच तिचं सुख.

पण जग थांबत नाही. 'ॲडव्हान्स वॉर्स' अमेरिकेत आला 10 सप्टेंबर 2001 रोजी. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. युरोपात खेळ जानेवारी 2002 पर्यंत लांबला, जपानमध्ये तर थेट 2004 साली आला. त्याचीच नवी आवृत्ती 2022 साली युक्रेनच्या युद्धामुळे पुढे ढकलली आणि ती एप्रिल 2023 मध्ये निघाली. खोट्या लढाईला खऱ्या लढाईपुढे दोनदा थांबावं लागलं.

याच कंपनीचा 1990 पासूनचा दुसरा खेळ म्हणजे 'फायर एम्ब्लेम'. त्यात प्रत्येक शिपायाला नाव आहे, आणि मूळ नियम असा की मेलेला परत येत नाही. त्या दिवशी नातवाचा एक धनुर्धारी पडला. त्याने यंत्र बंद केलं आणि लढाई पहिल्यापासून सुरू केली.

मी रागावलो नाही. सँड मॉडेलवर आम्ही नुकसान टक्क्यांत लिहायचो, त्या आकड्यांना नावं नसायची. पुढे एका जवानाच्या घरी पत्र लिहायची वेळ आली, तेव्हा टक्का म्हणजे काय ते कळलं. त्या पत्राला दुसरी पाळी नव्हती.

नातवाला एवढंच म्हणालो, "या वेळी त्याला पुढे धाडण्याआधी जरा थांब." त्याने खरंच बराच वेळ विचार केला. आमचं स्टेशन मागे पडलं.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.