बिनपगारी अभ्यासकांची वंशावळ

सेनापती बापटांच्या चरित्रात मुळशीच्या थोडं आधी एक प्रकरण येतं आणि बहुतेक चरित्रकार ते एका वाक्यात उरकतात. पुण्यात ‘लोकसंग्रह’ दैनिकात राजकारणावर लिहिता लिहिता बापट डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचंही काम पाहत होते. पुढे अंदमानातल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी सह्यांची मोहीम झाली, आणि १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. टाटा कंपनीच्या धरणासमोर ‘जान किंवा जमीन’ म्हणत उभा राहिलेला माणूस त्याआधी मराठी कोशाच्या कामात गुंतलेला होता, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आज बापटांचं पान मराठी विकिपीडियावर आहे. मुळशी तालुक्याचं आहे, पौडचं आहे, घनगडाचंही आहे. ती कुणी लिहिली? ज्यांना कुणी नेमलं नाही, पैसे दिले नाहीत, आणि ज्यांची बहुतेकांची एकमेकांशी गाठही पडलेली नाही, अशा माणसांनी. इंटरनेटमुळे ही जमात जन्माला आली असं आपण सहज बोलून जातो. पण तिचं कूळ महाराष्ट्रापुरतं शोधायचं म्हटलं तरी निदान १८७८ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक काढलं. घराघरांत पडून असलेल्या बखरी, जुन्या कविता, कागदपत्रं मिळवायची आणि छापायची, हा त्यांचा उद्योग. वीस वर्षांनी, १८९८ मध्ये, वि. का. राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. अशा बावीस खंडांचा पसारा त्यांनी उभा केला. गावोगाव हिंडायचं, दफ्तराचा रुमाल सोडायला घरच्यांना राजी करायचं, मोडी कागद उतरवून घ्यायचे. पदरमोड ठरलेलीच.

एकट्या माणसाचा हा नाद संस्थेत आला तो ७ जुलै १९१० ला, राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं तेव्हा. मंडळाचं मर्म मला त्याच्या पाक्षिक सभेत दिसतं. सभासदाने हाती लागलेल्या कागदावर छोटं टिपण आणायचं, चार जाणत्यांसमोर वाचायचं, त्यांनी शंका काढायच्या, आणि तावून सुलाखून निघालेलं पुढे इतिवृत्तात छापलं जायचं. शाळामास्तर, वकील, कारकून अशी माणसं पंधरा दिवसांनी पुन्हा का येत असतील? इतिहासाचं प्रेम होतंच, पण ते घरी बसूनही करता आलं असतं. आपलं टिपण नीट ऐकणारी, प्रसंगी त्याचा फडशा पाडणारी माणसं तिथे भेटत होती. मानधनापेक्षा ही ओढ चिवट असते, असं मला वाटतं.

भांडणंही तिथलीच. खुद्द राजवाड्यांचं आपणच काढलेल्या मंडळाशी बिनसलं, त्यांनी मुक्काम हलवला, आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचं निधन झालं. तरीही मंडळ चालत राहिलं. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी त्यात आयुष्यं घातली. संस्थापक रागावून गेला तरी काम थांबत नाही, हा गुण पुढच्या पिढ्यांच्या फार उपयोगी पडला.

जगाच्या दुसऱ्या टोकाला तोवर असाच प्रयोग टपालाने चालला होता. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी वाचकांना जाहीर आवाहन केलं: पुस्तकं वाचा, शब्दाचा वापर दाखवणारं वाक्य चिठ्ठीवर उतरवा, पाठवून द्या. चिठ्ठ्या लाखांनी आल्या. सर्वांत कसलेल्या वाचकांपैकी डॉ. मायनर हा मनोरुग्ण कैद्यांच्या इस्पितळातून चिठ्ठ्या पाठवत होता. पाठवणारा कोण, हे चिठ्ठी विचारत नाही.

केतकरांची तऱ्हा वेगळी. त्यांनी रीतसर कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले, कचेरी थाटली. १९२० ते १९२९ या काळात ज्ञानकोशाचे २३ खंड बाहेर पडले. त्या खटाटोपाची हकिगत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवली आहे. सरकारी ज्ञानकोश आला तो आणखी उशिरा. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम १९६० नंतर उभं राहिलं आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. तज्ज्ञांकडून नोंद, तिच्यावर संपादन, मग पुन्हा तपासणी. दर्जा राहिला, पण वेळ किती गेला बघा.

हीच अडचण इंग्रजीत न्युपीडियाला आली. २००० साली निघालेल्या या कोशात लेखाला तपासणीच्या सात पायऱ्या होत्या, आणि त्या चढून वर पोचलेले लेख दोन-तीन डझनांच्या पुढे गेले नाहीत. कच्चा माल तयार करायला म्हणून १५ जानेवारी २००१ ला शेजारी विकिपीडिया सुरू झाला आणि मूळ प्रकल्पच गिळून बसला. मराठीतला विकिपीडिया १ मे २००३ चा. तेव्हा संगणकावर देवनागरी उमटवणं हीच परीक्षा होती. आलेल्यांनी गप्पांसाठी चावडी मांडली, सरावासाठी धूळपाटी, देखरेखीला प्रचालक नेमले आणि ठरीव काम आपोआप करणाऱ्या प्रोग्रॅमला सांगकाम्या म्हटलं.

नवा माणूस तिथे कसा शिरतो, हे पाहायचं तर कुठल्याही पानाचा ‘इतिहास’ उघडावा. प्रत्येक बदलाची वेळ, करणाऱ्याचं नाव, किती बाइट्स वाढले किंवा घटले, सगळं ओळीने दिसतं. कुणी ‘मुळशि’ची वेलांटी दीर्घ केली तर आकडा शून्य दाखवतो, कारण दोन्ही वेलांट्यांना जागा सारखीच लागते. बहुतेकांची सुरुवात अशाच शून्याने होते. दुसऱ्या दिवशी ती दुरुस्ती जागेवर असली, किंवा चर्चापानावर कुणी दोन शब्द लिहिले, तर माणूस एखादा परिच्छेद लिहायचं धाडस करतो. मंडळाच्या सभेचं काम इथे चर्चापान करतं, फक्त समोर चेहरा नसतो, आणि त्यामुळे तोडून बोलणं फार सोपं जातं.

२०११ मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचं काम अभ्यासाचा भाग म्हणून दिलं गेलं. शेकडो मुलं आली. बऱ्याच जणांनी पुस्तकांतले, संकेतस्थळांवरचे उतारे जसेच्या तसे डकवले. ते निपटताना जगभरचे संपादक मेटाकुटीला आले आणि वर्षअखेरीस प्रयोग गुंडाळावा लागला. त्याच नोव्हेंबरात मुंबई विद्यापीठात भारतातली पहिली विकिपरिषद भरली होती, हा योगायोग मोठा खट्याळ. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. गुणांसाठी आलेला गुण मिळाले की जातो; त्याला चावडीवर कुणी बसवलंच नव्हतं. पण दारावरचे लोकही निर्दोष नाहीत. अॅरन हाफेकर आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास सांगतो, की इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ नंतर घटत गेले, आणि त्यामागे उत्पात रोखायला उभारलेली यंत्रणा होती. चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचीही पहिली संपादनं तिने झटपट उलटवली, आणि ती माणसं परतली नाहीत.

मुळशीत या घराण्याचा एक पेच स्वच्छ दिसतो. घनगड किंवा कैलासगड पायाखाली घातलेल्या ट्रेकरला टाक्यातलं पाणी कुठवर पुरतं, वाट कुठे निसटते, हे ठाऊक असतं. ते तो पानावर लिहितो आणि ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लागते. ‘मी जाऊन आलो’ हा विकिपीडियात संदर्भ होत नाही. आधी कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी छापून यावं लागतं. मंडळाची अट याच्या नेमकी उलटी होती: आजवर कुणी न छापलेलं घेऊन या. राजवाडे आज विकिपीडियावर नवे सदस्य म्हणून आले असते, तर त्यांची निम्मी संपादनं उलटवली गेली असती आणि चर्चापान पेटलं असतं. नियम चूक नाही, त्याशिवाय कोश उभा राहत नाही. पण तो नवख्याला समजावून सांगायला कुणाला तरी वेळ काढावा लागतो.

त्यातून गावांच्या पानांची गंमत होते. तालुक्यातल्या कित्येक गावांची पानं २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यावरून बेतलेली आहेत: क्षेत्र हेक्टरांत, कुटुंबं, लोकसंख्या, मग शैक्षणिक सुविधा, पिण्याचं पाणी, स्वच्छता, बाजार व पतव्यवस्था, वीज, जमिनीचा वापर. प्रत्येक गावाला जनगणनेचा स्थलनिर्देशांक. गावाचं नाव बदललं तर बाकी मजकूर तोच वाटावा, इतका सारखा. टीका करणं सोपं आहे, पण त्या तक्त्यातून एक तरी वाडीवाला पहिल्यांदा आपल्या गावाचं पान बघून चूक दुरुस्त करायला आला असेल, तर मी त्या पानांना नावं ठेवणार नाही.

मात्र १९२७ मध्ये धरण पुरं झालं आणि मुळेच्या खोऱ्यातली जी गावठाणं पाण्याखाली गेली, त्यांना स्थलनिर्देशांक नाही. तिथला तक्ता कुणी भरायचा? त्यांच्याबद्दल पानावर जे टिकतं ते पुस्तकांतून आलेलं: सत्याग्रहात स्वतः असलेल्या विनायकराव भुस्कुट्यांनी लिहिलेलं, आणि राजेंद्र व्होरा यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून मांडलेलं. व्होरांचं ‘द वर्ल्ड्स फर्स्ट अँटी-डॅम मूव्हमेंट’ हे इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये आलं. खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांनी बापजाद्यांकडून ऐकलेल्या शेतांच्या आणि देवळांच्या खुणा मात्र अजून बऱ्याच अंशी तोंडीच आहेत. त्या विचारून घ्यायच्या, तारीखवार लिहायच्या आणि एखाद्या नियतकालिकात छापायच्या, हे काम विकिपीडियाच्या नियमात बसत नाही, मंडळाच्या पाक्षिक सभेत मात्र बसलं असतं. तेवढं झालं की तळटीप देऊन पान लिहायला चावडीवरची मंडळी तयार आहेत.