माळरान, कुरण आणि मेंढरे

प्रतिवर्षी आपल्या स्मरणिकेत सुभेदार मल्हारराव होळकर व पुण्यश्लोक अहिल्याबाई यांच्यावर लेख असतात, आणि ते असावेतच. परंतु होळकरांचे निशाण माळव्यात फडकण्यापूर्वीही आपला धनगर समाज होता आणि त्याचा संसार गवतावर उभा होता. त्या गवताचा इतिहास आपल्या या पानांतून क्वचितच येतो. ज्ञातिबांधवांपुढे तो थोडक्यात ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न होय.

माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी वीस-बावीस इंच पाऊस, तोही बराचसा भाद्रपद-आश्विनात पडावयाचा, आणि एखादे साल तर तोही हुलकावणी देणार. अशा भूमीत नांगर हाच एकमेव धंदा मानणारा मनुष्य उपाशी मरतो. येथील लोकांनी जमिनीचे जणू दोन वाटे केले होते. खोल काळ्या मातीत शाळू पेरावा, त्याचे दाणे माणसांस व कडबा बैलांस. आणि मुरमाड माळ गवतास सोडावा. आटपाडी-माण भागातील खिलार बैलाची कीर्ती सर्वदूर झाली व खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेस जनावरांचा मोठा बाजार भरू लागला, त्याचे मूळ या दोन वाट्यांत आहे.

माळावरील गवत सरसकट एक नसते, हे नागर वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. मारवेल, पवन्या ही गोड गवते. ती सतत खुडली गेली की मागे हटतात आणि त्यांच्या जागी कुसळी माजते. कुसळी कोवळी असेतो मेंढरू आवडीने खाते. पुढे तिला कुसळे आली की ती लोकरीत शिरतात, कातडीत रुततात, तोंडास जखमा करतात. म्हणून दिवाळीनंतर वाडे हलत. घोड्यांवर बिऱ्हाड, पुढे मेंढरे, मागे बायकामुले, अशी ही वाट कित्येकांची घाट उतरून कोकणापर्यंत जाई. भाताची कापणी झालेली खाचरे मोकळी असत. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवी, त्यांच्या लेंड्यामुतावर त्याचे पीक येई आणि मोबदल्यात धनगरास धान्य मिळे. मृगापूर्वी परतणे मात्र भाग असे, कारण दख्खनी मेंढीस कोकणचा पाऊस सोसत नाही. तिचे खूर सडतात. या जाण्यायेण्यास कित्येक लोक आजही निव्वळ भटकणे समजतात. ज्या माळावर आठ महिने कळप फिरकत नाही, तो माळ विसावतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी येत नाही.

मराठेशाहीत सरकारी पागेकरिता कुरणे राखलेली असत. त्यांतील गवत कापून गंजी रचीत आणि परवानगीवाचून कोणाचे जनावर आत आल्यास शिक्षा होई. ही राखण रयतेस जाचत नसेल असे नाही. तथापि गवत ही मोलाची वस्तू आहे, हे त्या दरबारास कळत होते.

इंग्रजी अमलात हे बदलले. १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीने नवी सारापद्धती सुरू झाली. सारा हलका झाला, तसा नांगर माळाकडे सरकला. यात शेतकऱ्याचे हित झाले हे नाकारण्यात अर्थ नाही, परंतु गुरांचे रान आटले. १८७१ मध्ये कोंडवाड्याचा कायदा आला, १८७८ मध्ये जंगलचा. मधल्या १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खनची गुरेढोरे मातीस मिळविली होती. आणि जी वाचली त्यांच्यापुढे राखीव जंगलाची हद्द उभी राहिली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत ते याच कारणास्तव: डोंगर-गायराने सरकारने घेतली, आता गरिबाने शेरडे चारावीत कोठे?

सरकारी दप्तरांत अशा माळास ‘पडीक’ हा शब्द रूढ झाला. माझ्या मते आपल्या समाजाचे जेवढे नुकसान या तीन अक्षरांनी केले, तेवढे दुष्काळांनीही केले नसेल. पडीक म्हटले की तेथे झाडे लावावीत, वसाहत करावी, कारखाना उभारावा, सारे रास्त ठरते; कळप तेवढा आगंतुक! दोष आपलाही आहे. रान आकसले तरी आपण मेंढरांची संख्या कमी केली नाही, आणि एकाच माळावर पाळीपाळीने चारण्याची जुनी शिस्त कित्येक ठिकाणी मोडली. अलीकडे टेंभू व म्हैसाळ योजनांचे पाणी या मुलुखात आले, डाळिंब व ऊस आला. ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण बागांस कुंपणे पडली आणि वाड्यांच्या वाटा अडल्या. २०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्या निघाल्या, त्या मुख्यतः गाई-बैलांसाठी होत्या.

२००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. त्यात अनुसूचित जमातींखेरीज इतरांस १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वनाशी संबंध दाखवावा लागतो. वृद्धांचा लेखी जबाब, परंपरागत चराईच्या जागांच्या खुणा, सरकारी कागद, हे सारे पुराव्यात धरले जाते. प्रस्तुत लेखकाच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत चराईच्या जुन्या पावत्या होत्या. घर बदलताना त्या रद्दीत गेल्या, आणि त्या देणारा मीच होतो. ज्या कुटुंबांत अशा पावत्या, कोंडवाड्याच्या दंडाचे कागद किंवा वाड्याच्या मुक्कामांच्या नोंदी असतील, त्यांनी त्यांची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात द्यावी, व मूळ कागद घरीच जपून ठेवावेत.