फुकटचे आकाश आणि विकतची मराठी

दूरचित्रवाणीचा इतिहास आपल्याकडे बहुधा कार्यक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणती मालिका कोणत्या साली आली, तिच्या वेळेला रस्ते कसे ओस पडत, या आठवणींना तोटा नाही. परंतु संकेत घरात कोणत्या वाटेने आला, त्या वाटेचे पैसे कोणी दिले आणि तिच्यावरून कोणती भाषा आली, या प्रश्नांकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. आमचेही गेले नव्हते. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. तरीही हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला तो दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी, आईच्या एका वाक्याने. त्या वाक्यापर्यंत येण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. मराठी दूरचित्रवाणीच्या आरंभाविषयी जे स्मरणरंजन वाचायला मिळते, ते या मुंबई-पुणे पट्ट्याचे आहे. वर्धा आणि पैनगंगा यांच्या मधल्या आमच्या जिल्ह्याचा त्यात वाटा नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यातल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून रंगीत राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची मालिकाच उभी राहिली, तेव्हा कुठे विदर्भातल्या लहान शहरांना चित्र दिसू लागले. या प्रक्षेपकांचे काम मुख्यतः दिल्लीहून उपग्रहामार्गे येणारा कार्यक्रम पकडून आसपासच्या परिसरात फेकणे एवढेच होते. म्हणजे मुंबईकराच्या घरात दूरचित्रवाणी मराठी बोलत आली, तर आमच्याकडे तिने पहिले पाऊल हिंदीतून टाकले. ‘हम लोग’ १९८४ ची, ‘रामायण’ जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळातले. कापसाचा चुकारा हाती आला त्या वर्षी घेतलेला आमचा कृष्णधवल संच रविवारी सकाळी ओसरीवर येई आणि अर्धी आळी आमच्या अंगणात बसे. भाषा परकी आहे असे तेव्हा कोणालाही वाटले नाही, कारण निवडीला दुसरे काही नव्हते आणि त्यासाठी दरमहा काही द्यावेही लागत नव्हते.

मराठीचा प्रवेश त्यानंतर दोन दारांनी झाला. पहिले दार सरकारी. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली आणि २००० साली तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. (ज्या पर्वताच्या नावाने ही वाहिनी साऱ्या महाराष्ट्राला हाक मारते, तो आमच्या जिल्ह्यातून कुठूनही दिसत नाही. नावाची ही गंमत असो.) दुसरे दार बाजाराचे. आखाती युद्धाच्या वर्षी, १९९१ मध्ये, परदेशी उपग्रह वाहिन्या आल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आला. गल्लीतल्या एका मोठ्या छत्रीवरून विजेच्या खांबांवर तारा ओढून घरोघर जोडणी देणारा केबलवाला हा नवाच व्यावसायिक उदयाला आला आणि १९९५ मध्ये त्याच्यासाठी केबल नियमनाचा कायदाही झाला. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आजची झी मराठी) आणि २००० मध्ये ई-टीव्ही मराठी (आजची कलर्स मराठी) या वाहिन्या याच तारेवरून आल्या. चोवीस तास मराठी बोलणारा पडदा आमच्या जिल्ह्याने प्रथम पाहिला तो असा, खाजगी भांडवलाच्या आणि दरमहा वर्गणीच्या बळावर. हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच वेळी मराठी ही दरमहा पैसे मोजून घेण्याची वस्तू झाली, ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. केबलवाला सगळ्या वाहिन्यांचे मिळून एकच भाडे घेई, त्यामुळे मराठीची किंमत वेगळी दिसत नव्हती.

१९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निर्णय दिला होता: प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. या तत्त्वाच्या जवळ जाणारी एक योजना पुढे प्रसारभारतीने आखली. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा सुरू झाली. आरंभी तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. छोटी छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, पुढे महिन्याचे काहीही द्यायचे नाही. जिथे जमिनीवरचे प्रक्षेपण नीट पोहोचत नव्हते, अशा भागांसाठी मुख्यतः ही सोय होती. २०१४ मध्ये तिचे नाव ‘डीडी फ्री डिश’ झाले. आज ती ४ कोटींच्या आसपास किंवा त्याहून अधिक घरांत असल्याचे अंदाज आहेत. जमिनीवरचे जुने प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद करण्यात आले. त्यामुळे वर्गणीशिवाय दूरचित्रवाणी पाहायची, तर खेड्यात ही छत्री हाच आता मुख्य मार्ग उरला आहे.

आमच्या गावच्या घरात मात्र २०१९ पर्यंत पैसे भरून चालणारी छत्री होती. त्या वर्षी १ फेब्रुवारीपासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती अंमलात आली. तिचा हेतू चांगला होता: ग्राहकाने हवी ती वाहिनी निवडावी आणि तिचेच पैसे द्यावेत. प्रत्यक्षात पहिल्या १०० वाहिन्यांच्या जोडणीसाठी १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हे कोणतीही सशुल्क वाहिनी घेण्याआधीच द्यावे लागत. मग प्रत्येक वाहिनीचा भाव वेगळा. झी मराठीचा भाव कराव्यतिरिक्त १९ रुपये होता, स्टार प्रवाहचा ९. मराठीची किंमत आयुष्यात पहिल्यांदाच अशी पावतीवर छापलेली दिसली.

बाबांचा आक्षेप रकमेला नव्हता. पैसे आम्हीच मोबाईलवरून भरत होतो. आमच्याकडून कधी विसर पडे, चित्र थांबे, आणि बाबांना फोन करून आठवण द्यावी लागे. आयुष्यभर शेती करून कोणापुढे हात न पसरलेल्या माणसाला दर महिन्याला पोरांकडे टीव्ही मागावा लागतो, हे त्यांना सोसेना. त्या उन्हाळ्यात त्यांनी तालुक्याहून एका कारागिराला बोलावले. छत्री तीच राहिली. प्रत्येक सेवेचा उपग्रह आकाशात वेगळ्या जागी असतो, म्हणून तिचे तोंड तेवढे वळवले आणि डबा बदलला. अर्ध्या तासात काम झाले. त्या दिवसापासून आमच्या घराने दूरचित्रवाणीसाठी कोणालाही पैसे दिलेले नाहीत. बाबांना बातम्या मिळाल्या, शेतीचे कार्यक्रम मिळाले. क्रिकेटही मिळाले, कारण २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खाजगी वाहिन्यांना प्रसारभारतीला द्यावेच लागते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या यंत्रणेपुरते सीमित केले, त्यामुळे पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याला दूरदर्शनवर जो सामना दिसत नाही, तो फुकटच्या छत्रीवर दिसतो. बाबांना याचे मोठे कौतुक.

काही आठवड्यांनी आम्ही गावी गेलो, तेव्हा आई म्हणाली, “सब्बन हिंदीच हाय बाप्पा! मराठी पाहाले आता पैसे लागते.”

तक्रारीचा सूर नव्हता, नुसती नोंद होती. पण मराठीची भाकर खाणाऱ्या आम्हा दोघांना ती लागली. त्याच वर्षी ११ ते १३ जानेवारीला यवतमाळात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले होते. डॉ. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्यामुळे, कोणाला बोलू द्यावे आणि कोणाचे ऐकून घ्यावे यावर महाराष्ट्रभर वाद पेटला होता, आणि उद्घाटन अखेर याच जिल्ह्यातल्या एका शेतकरी स्त्रीच्या, वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. आम्ही त्या मंडपात होतो आणि त्या वादात हिरिरीने बोललोही होतो. पुढच्या तीनच आठवड्यांत मराठी ऐकण्याचा दर ठरला आणि उन्हाळ्यात तो आमच्याच घरातल्या एका शेतकरी स्त्रीला परवडेनासा झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे आम्हाला सुचलेही नाही.

आईचे म्हणणे अक्षरशः खरे नव्हते. सह्याद्री होतीच. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा यांसारख्या विनाशुल्क मराठी वाहिन्याही वेगवेगळ्या काळात फ्री डिशवर आल्या. परंतु तिच्या सवयीच्या मालिका ज्या वाहिन्यांवर होत्या, त्या सशुल्क होत्या. याचे कारण भाषाद्वेषात शोधण्याची गरज नाही, ते हिशेबात आहे. फ्री डिशवरच्या खाजगी जागांचा प्रसारभारती लिलाव करते. कोट्यवधी रुपये मोजून जागा घेणारी वाहिनी ते पैसे जाहिरातींतून वसूल करते. ही छत्री देशभर एकच असल्यामुळे जिला सर्वांत जास्त राज्यांत प्रेक्षक मिळतात, त्या भाषेच्या वाहिन्यांना बोली परवडते. ती भाषा हिंदी. मोठ्या समूहांची हिंदीशी बांधिलकीही हिशेबापुरतीच आहे. त्यांच्या जुन्या मालिका दाखवणाऱ्या विनाशुल्क हिंदी वाहिन्या २०१९ मध्ये फ्री डिशवरून उतरल्या, २०२० मध्ये परतल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा उतरल्या. पैसे भरणारा ग्राहक फुकटच्या छत्रीकडे वळतो आहे, अशी भीती वाटली की त्या निघून जातात. गावातल्या प्रेक्षकाला याची पूर्वसूचना नसते. एके दिवशी त्याची मालिका नाहीशी झालेली असते, एवढेच.

इथे आमच्याच युक्तिवादावर एक आक्षेप नोंदवला पाहिजे. आईने गमावलेली मराठी तरी तिची होती काय? सशुल्क वाहिन्यांवरची मराठी प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातली. वऱ्हाडी तिथे आली तर बहुधा हशा पिकवायला आली. ‘पाहाले’ म्हणणारी गंभीर नायिका आईने कधी पाहिली नाही. आणि आमच्या जिल्ह्यातल्या गोरमाटी, गोंडी, कोलामी बोलणाऱ्यांना तर पैसे भरूनही स्वतःची भाषा विकत घेता आली नसती. त्यांच्या दृष्टीने आमचे दुःख हे बऱ्या स्थितीतल्या शेजाऱ्याचे दुःख आहे. हे सारे मान्य करूनही एक भेद उरतो. प्रमाण मराठीशी आईचे नाते चुलत असेल, पण नाते होते. ती त्या नायिकांना नावे ठेवी, त्यांच्या बोलण्याची नक्कल करी, म्हणी दुरुस्त करी. हिंदी मालिका ती मुकाट्याने पाहते.

विनाशुल्क मराठी पडदा काय करू शकतो, याचा पुरावाही याच काळाने दिला. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना २० जुलैपासून सह्याद्रीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता, त्या घरांतही ती पोहोचू शकत होती. आमच्या ओसरीवर शेजारची चार मुले आईजवळ बसून ती पाहत. कोणत्याही सशुल्क वाहिनीला हे काम करावेसे वाटले नसते आणि त्यात तिचा दोषही नाही. सार्वजनिक लहरींवर सार्वजनिक भाषेत बोलणे हे सार्वजनिक संस्थेचेच काम आहे. ते तिने एका संकटात करून दाखवले, पण एरवी तिच्याकडे आपण ते मागत नाही.

मागत नाही, याला आमच्यासारखे लोक अधिक जबाबदार आहेत. मराठीच्या भवितव्यावरचे आमचे निबंध शाळांचे माध्यम, अभिजात दर्जा, पुस्तकांचा खप यांभोवती फिरतात. ज्या घरात पुस्तक येत नाही, त्या घरात संध्याकाळी कोणती भाषा किती वेळ आणि काय भावाने येते, हे आम्ही मोजत नाही. दूरचित्रवाणीच्या भाषेवर टीका करायला आम्ही तत्पर, पण ती भाषा कोणाच्या घरातून केव्हा निघून गेली, याची नोंद आमच्या अभ्यासात नाही.

आईला पुन्हा सशुल्क जोडणी घेऊन देण्याचा प्रस्ताव आम्ही मांडला होता. बाबा काही बोलले नाहीत आणि आईनेच तो परतवला. संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की ती आता दोन घरे सोडून शेजारी जाते. त्यांच्याकडे महिन्याचे पैसे भरलेले असतात. तिच्याबरोबर आळीतल्या आणखी तीन-चार बायका असतात. एकेकाळी अर्धी आळी आमच्या अंगणात हिंदी पाहायला जमत असे, आता आमच्या घरची बाई मराठी पाहायला दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसते.